साठवण आणि विल्हेवाट : किरणोत्सारी कचऱ्यावरील भारतीय संशोधनाची चिकित्सा

प्रस्तावना

अणुऊर्जेविषयी मराठीत जे लेखन झाले आहे त्याचे ढोबळमानाने दोन वर्ग पडतात. पहिल्या वर्गात अणुविज्ञानाची ओळख करून देणारे, बहुधा गौरवपर लेखन येते. दुसऱ्या वर्गात जैतापूरच्या निमित्ताने २०१० नंतर झालेले वादपर लेखन येते. दोन्ही वर्गांत अणुकचऱ्याचा उल्लेख होतो. पण तो एका वाक्यात. समर्थक सांगतात की कचरा अत्यल्प असतो आणि तो काचेत बंद केला जातो. विरोधक सांगतात की तो हजारो वर्षे घातक राहतो. दोन्ही वाक्यांत तथ्य आहे. परंतु ती एकमेकांना उत्तर देत नाहीत, कारण पहिले वाक्य कचऱ्याच्या आकारमानाविषयी आहे आणि दुसरे काळाविषयी.

या एका वाक्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचे संशोधन उभे आहे आणि त्याचा मोठा भाग महाराष्ट्रातच, तुर्भे आणि तारापूर येथे, झालेला आहे. तुर्भ्याचा पुनर्प्रक्रिया प्रकल्प १९६४ मध्ये सुरू झाला, तारापूरचा सत्तरच्या दशकात. या कामाचे समग्र चित्र पाहू इच्छिणाऱ्यास दोन आढावे विशेष उपयोगी पडतात. एक, कंवर राज, प्रसाद व बन्सल यांनी २००६ मध्ये घेतलेला भारतीय कार्यपद्धतींचा आढावा. दुसरा, वट्टल यांचा ‘साधना’ या नियतकालिकातील २०१३ चा लेख. (हे ‘साधना’ म्हणजे भारतीय विज्ञान अकादमीचे अभियांत्रिकी नियतकालिक; पुण्याच्या साप्ताहिकाशी त्याचा संबंध नाही.) दोन्ही आढावे अणुऊर्जा विभागाच्या शास्त्रज्ञांनीच लिहिलेले आहेत. जे संयंत्रे उभारतात आणि चालवतात तेच त्यांचे मूल्यमापनही करतात, ही या क्षेत्राची अडचण आहे. त्यामुळे माहिती नेमकी मिळते. परंतु जे प्रश्न संयंत्राच्या कुंपणाबाहेर जातात ते फारसे उपस्थित होत नाहीत.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, या संशोधनाने कचऱ्याच्या रूपाचा प्रश्न मोठ्या कौशल्याने हाताळला आहे. पण रूपाचा प्रश्न सुटला म्हणजे विल्हेवाटीचा प्रश्न सुटला, असे जे त्याच्या परिभाषेतून सूचित होते, ते तपासून घेतले पाहिजे. महाविद्यालयीन संशोधनातही हीच गफलत लहान प्रमाणावर होताना दिसते. म्हणून हा विषय केवळ अणुशास्त्रज्ञांपुरता राहत नाही.

‘विल्हेवाट’ या शब्दाविषयी

मराठीत ‘विल्हेस लावणे’ म्हणजे एखाद्या गोष्टीची योग्य व्यवस्था लावून देणे, ती तिच्या जागी पोचवणे. आज ‘विल्हेवाट लावणे’ याचा अर्थ नाहीसे करणे असा झाला आहे. किरणोत्सारी पदार्थाबाबत हा नवा अर्थ लागूच होत नाही. जाळून, विरघळवून, जंतूंकरवी कुजवून किरणोत्सार कमी होत नाही. समस्थानिकाचे अर्धायुष्य ठरलेले असते आणि कोणतीही रासायनिक क्रिया त्यात व्यवहारात बदल घडवू शकत नाही. अणुभट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून काही समस्थानिकांचे रूपांतर करता येते, परंतु तो मार्ग अजून मोठ्या प्रमाणावर कोठेही वापरात आलेला नाही. तेव्हा येथे जुना अर्थच खरा : जागा शोधायची, तेथे पोचवायचे आणि ते तेथेच राहील याची व्यवस्था करायची.

साठवण आणि विल्हेवाट यांतील भेद निफाड-लासलगावच्या परिसरात कोणास समजावून सांगण्याची गरज नाही. कांदा चाळीत भरला म्हणजे विकला गेला असे शेतकरी मानत नाही. चाळ ही प्रतीक्षा असते, आणि प्रतीक्षेचा खर्च व घट त्याला रोज दिसत असते. अणुकचऱ्यावरील शास्त्रीय लेखांतही हे दोन शब्द वेगळे ठेवलेले असतात. पण लोकांपुढे विषय मांडताना साठवणीची सुविधा दाखवून विल्हेवाटीचा प्रश्न मिटला असे सूचित केले जाते. काचीकृत कचऱ्याचे पोलादी डबे तारापूर येथे हवेच्या नैसर्गिक प्रवाहाने थंड राखले जातात. हा काळ साधारण तीस वर्षे किंवा त्याहून अधिक अपेक्षित आहे. त्यानंतरचा टप्पा खोल भूगर्भातील कायम निक्षेपस्थानाचा. असे निक्षेपस्थान भारतात नाही.

काचेचे रसायन

जेथे हे संशोधन खरोखर श्रेष्ठ आहे तो भाग आधी नीट पाहिला पाहिजे; कारण मराठीतील टीकाकार सहसा तेथवर जात नाहीत.

भट्टीतून काढलेले इंधन नायट्रिक आम्लात विरघळवून त्यातून युरेनियम व प्लुटोनियम वेगळे केले की मागे अत्यंत किरणोत्सारी आम्लद्रावण उरते. इंधनाच्या वजनाच्या अवघे दोन-तीन टक्के द्रव्य कचरा म्हणून उरते, असे विभागाच्या लेखनात नेहमी सांगितले जाते आणि ते बरोबर आहे. मात्र जवळजवळ सर्व विखंडन-अवशेष त्याच दोन-तीन टक्क्यांत एकवटलेले असतात. हे द्रावण आटवून, काच तयार करणाऱ्या द्रव्यांसह साधारण एक हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वितळवतात आणि पोलादी डब्यात ओततात. सीझियम, स्ट्राँशियम इत्यादी मूलद्रव्ये काचेत मिसळलेली नसतात, ती काचेच्या रचनेचा भाग झालेली असतात. त्यामुळे पाण्याचा संपर्क झाला तरी ती फार सावकाश बाहेर पडतात.

जगभर यासाठी बोरोसिलिकेट काच वापरतात. तुर्भ्याला मात्र एक वेगळी अडचण आली. तेथील पुनर्प्रक्रियेत प्लुटोनियम वेगळे करण्यासाठी फेरस सल्फामेट वापरले जात असे, त्यामुळे कचऱ्यात सल्फेट आले. सल्फेट बोरोसिलिकेट काचेत फारच थोडे विरते. उरलेले वितळलेल्या काचेवर पिवळसर क्षाराच्या थराच्या रूपाने वेगळे होते. हा थर पाण्यात विरघळतो आणि त्याच्यात सीझियमही जाऊन बसते. म्हणजे काच करण्यामागचा हेतूच फसतो. भाभा अणुसंशोधन केंद्रातील शास्त्रज्ञांनी यावर बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच शोधली. तिच्यात सल्फेट अधिक प्रमाणात सामावते. हा उपाय कोणत्याही परदेशी ग्रंथात तयार मिळणारा नव्हता. तो आपल्याच एका जुन्या निर्णयाचे परिणाम निस्तरताना सापडला. पुढे विकसित झालेल्या प्रक्रियेत सल्फामेटऐवजी युरेनस नायट्रेट आले आणि सल्फेटची अडचण मुळातच टळली.

मध्यम पातळीच्या कचऱ्याबाबतही असेच म्हणता येईल. हा कचरा बहुधा अल्कधर्मी असतो आणि त्यात सोडियमचे क्षार फार मोठ्या प्रमाणात असतात. सोडियमच्या त्या गर्दीतून सीझियमचे थोडेसे आयन निवडून काढायचे, तर साधा आयन-विनिमय कामास येत नाही. त्यासाठी केंद्राने रिसॉर्सिनॉल-फॉर्मल्डिहाइड प्रकारची राळ तयार केली आणि ती प्रत्यक्ष कचऱ्यावर वापरली. कमी पातळीच्या द्रवातून कॉपर फेरोसायनाइडच्या साह्याने सीझियम आणि बेरियम सल्फेटच्या साह्याने स्ट्राँशियम गाळात उतरवतात. तो गाळ सिमेंटमध्ये घट्ट करतात. या सगळ्यात वरचढ गुण एकच दिसतो : प्रयोग खऱ्या कचऱ्याला समोर ठेवून झाले आहेत. या गुणाकडे पुढे पुन्हा यावे लागेल.

‘संपत्ती’ हा दावा

गेल्या काही वर्षांत या क्षेत्राच्या लेखनात कचऱ्यातून संपत्ती ही घोषणा रूढ झाली आहे. तिच्यामागे दोन विचार आहेत. पहिला, वापरलेले इंधन हा कचराच नव्हे, तो पुढील इंधनाचा साठा आहे. दुसरा, उरलेल्या कचऱ्यातूनही उपयुक्त समस्थानिक काढता येतात.

पहिला विचार भारताच्या त्रिस्तरीय अणुकार्यक्रमाचा पाया आहे आणि तांत्रिकदृष्ट्या सुसंगत आहे. परंतु कचरा कोणता आणि संपत्ती कोणती हे केवळ रसायनशास्त्र ठरवत नाही, याचे उदाहरण तारापुरातच आहे. १९६९ मध्ये सुरू झालेल्या तेथील पहिल्या दोन भट्ट्या अमेरिकेशी १९६३ मध्ये झालेल्या कराराखाली उभ्या राहिल्या. १९७४ च्या पोखरण चाचणीनंतर संबंध बिघडले. अमेरिकी इंधन वापरून झाल्यावर त्याची पुनर्प्रक्रिया करण्यास अमेरिकेची संमती हवी होती. ती मिळाली नाही. १९९३ मध्ये करार संपला. या सर्व काळात ते इंधन तारापूरच्या आवारात साठवलेले राहिले. सिद्धांतानुसार ते संपत्ती होते, व्यवहारात राखण करावी लागणारा बोजा. प्रस्तुत लेखकास या क्षेत्राच्या आढावा-लेखनातील मोठी उणीव येथे वाटते : प्रवाह-आकृतीत इंधनाचा बाण नेहमी पुढच्या चौकटीकडे जातो, बाण अडून राहिल्याची वर्षे आकृतीत येत नाहीत.

दुसऱ्या विचारात अधिक नवेपणा आहे. तुर्भे येथे कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या तयार करण्यात आल्या. त्या रक्तपेढ्यांतील किरणन यंत्रांत वापरल्या जातात. रक्त चढवताना काही रुग्णांना दात्याच्या पांढऱ्या पेशींपासून धोका असतो; तो टाळण्यासाठी रक्तावर किरणांचा मारा करतात. काचरूपाचा लाभ मोठा आहे. पूर्वीच्या स्रोतांत सीझियम क्लोराइडची पूड असे, आणि ती पाण्यात विरघळते. १९८७ मध्ये ब्राझीलमधील गोइआनिया शहरात एका सोडून दिलेल्या रुग्णालयातून असा स्रोत भंगारात गेला. चमकणारी पूड घरोघर पोचली आणि चार जणांचा मृत्यू झाला. काच असती तर असा प्रसार झाला नसता. हे श्रेय दिलेच पाहिजे.

परंतु हिशेब येथे संपत नाही. सीझियम-१३७ चे अर्धायुष्य तीस वर्षांचे आहे. कांडी रुग्णालयात गेली म्हणजे कचऱ्याच्या टाकीतून किरणोत्सार कमी झाला हे खरे, पण तो जगातून कमी झाला नाही. तो कडेकोट बंदोबस्ताच्या जागेतून निघून सामान्य संस्थेत आला आणि एके दिवशी तो परत न्यावा लागेल. या घोषणेत जाणे मोजले जाते, परत येणे मोजले जात नाही. लासलगावचे ‘कृषक’ हे विकिरण केंद्र २००२ मध्ये सुरू झाले. कांद्याला कोंब फुटू नये म्हणून ते उभारले गेले आणि २००७ मध्ये अमेरिकेला गेलेल्या हापूससाठी ते गाजले. तेथील कोबाल्ट-६० बद्दल स्थानिक व्याख्यानांतून तो कचऱ्यातून मिळवला जातो असे कधी कधी सांगितले जाते. ते चूक आहे. तो साध्या कोबाल्टवर भट्टीत न्यूट्रॉनांचा मारा करून मुद्दाम तयार करतात. त्याचे अर्धायुष्य सव्वापाच वर्षांचे असल्याने स्रोत ठरावीक काळाने भरावा लागतो आणि क्षीण झालेला स्रोत पुरवठादाराकडे परत जावा लागतो. परतीची ही साखळी सांभाळणे हेच अशा केंद्राचे निम्मे काम आहे.

ही साखळी तुटते तेव्हा काय होते हे प्राध्यापकवर्गाने विसरता कामा नये, कारण भारतातील गाजलेली घटना एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातली आहे. दिल्ली विद्यापीठाने १९६८ मध्ये घेतलेले कोबाल्टचे किरणन यंत्र १९८५ पासून वापरात नव्हते. फेब्रुवारी २०१० मध्ये ते लिलावात भंगार म्हणून विकले गेले. एप्रिलमध्ये मायापुरीच्या भंगारबाजारात ते फोडले गेले. एका कामगाराचा मृत्यू झाला, इतर अनेक जण भाजले. ही संस्था विज्ञान न जाणणारी नव्हती. पंचवीस वर्षांत माणसे निवृत्त झाली आणि यंत्रात काय आहे ही आठवण जडवस्तू-नोंदवहीतल्या एका ओळीपुरती उरली. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी अणुऊर्जा नियामक मंडळाविषयी २०१२ मध्ये जो अहवाल दिला, त्यातही वापर संपलेल्या स्रोतांची विल्हेवाट खरोखर लागली की नाही हे पडताळण्याची योग्य यंत्रणा नाही, असा आक्षेप होता.

काल आणि स्थल

पंचवीस वर्षांचे हे असे, तर तीनशे वर्षांचे काय? कमी व मध्यम पातळीचा घनकचरा अणुकेंद्राच्याच आवारात, जमिनीलगत बांधलेल्या काँक्रीटच्या खंदकांत व खोल नळकूपांत ठेवतात आणि त्यावर सुमारे तीनशे वर्षे संस्थात्मक देखरेख गृहीत धरतात. हा आकडा मनमानी नाही. दहा अर्धायुष्यांत सीझियम मूळच्या हजाराव्या हिश्शाइतके उरते. भौतिकशास्त्राचा हिशेब बिनचूक आहे. पण ‘संस्थात्मक देखरेख’ ही भौतिकशास्त्रातील राशी नव्हे. तीनशे वर्षांपूर्वी आपल्या शहराचे नाव मोगली कागदपत्रांत गुलशनाबाद होते. तेव्हापासून येथे मोगल, निजाम, पेशवे, इंग्रज आणि स्वतंत्र भारत असे शासक झाले. तीनशे वर्षांच्या देखरेखीचे गृहीतक किती धाडसी आहे याची चर्चा इतिहासकाराशी व कायदेतज्ज्ञाशी केल्याशिवाय ते गृहीतक तांत्रिक लेखात बसवणे योग्य नाही.

आणखी मागे जायचे तर पांडवलेणी जवळच आहेत. दहाव्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात एका अक्षयनीवीची नोंद आहे. गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे एकूण ३००० कार्षापण ठेवले. मुद्दल कधी परत घ्यायचे नाही, व्याजातून लेण्यातील भिक्षूंचा वस्त्रादी खर्च चालवायचा. रक्कम, व्याजाचा दर, ठेव घेणारी संस्था, उद्देश, सगळे दगडात कोरलेले आहे. सुमारे एकोणीसशे वर्षांनंतर दगड शाबूत आहे. श्रेणी नाहीत, भिक्षुसंघ नाही, आणि मधली अनेक शतके ब्राह्मी लिपी वाचणारे कोणी नव्हते. एकोणिसाव्या शतकात ती पुन्हा वाचली गेली. काचेला दगडाइतके टिकाऊ करण्यात शास्त्रज्ञ यशस्वी झाले आहेत. श्रेणीचे व लिपीचे काम मात्र कोणाच्याही संशोधन-प्रकल्पात नाही. उच्च पातळीच्या कचऱ्यात प्लुटोनियम-२३९ अत्यल्प उरते, पण त्याचे अर्धायुष्य २४,१०० वर्षे आहे. टेक्नेशियम-९९ चे दोन लाखांहून अधिक. तेथे पांडवलेण्यांचा काळही तोकडा पडतो.

यावर विभागाचे उत्तर असे की, दीर्घायुषी ॲक्टिनाइड कचऱ्यातून वेगळी काढून द्रुत भट्टीत जाळता येतील आणि मग काचेचा धोका काही शतकांपुरता उरेल. तारापूर येथे असे विलगन करून दाखवणारी सुविधा उभारली गेली आहे आणि ते रसायन निश्चितच उल्लेखनीय आहे. मात्र तीन गोष्टी या मांडणीत बाजूस पडतात. वेगळी काढलेली ॲक्टिनाइड जाळणाऱ्या भट्ट्या अजून नियमित सेवेत नाहीत. तोवर तीही साठवणच. टेक्नेशियम, आयोडिन-१२९ ही दीर्घायुषी विखंडन-अवशेषे या विलगनाने सुटत नाहीत. आणि जो कचरा आधीच काचेत गेला आहे त्यातून पुन्हा काही काढणे व्यवहार्य नाही. म्हणजे भूगर्भातील निक्षेपस्थान लहान होईल, लांबेल. अनावश्यक होणार नाही.

निक्षेपस्थानावरील भारतीय संशोधनाचा इतिहास थोडक्यात सांगण्यासारखा आहे, कारण तो थोडाच आहे. ऐंशीच्या दशकात कोलारच्या सोन्याच्या खाणीत सुमारे एक किलोमीटर खोलीवर तापकांच्या साह्याने खडक तापवून त्याचे वर्तन अनेक वर्षे अभ्यासले गेले. पुढे राजस्थानच्या ग्रॅनाइटांची पाहणी झाली. नोव्हेंबर २०१२ मध्ये कुडनकुलमच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे कोलारचा उल्लेख येताच कर्नाटकात विरोध उसळला आणि तेथे कचरा नेण्याचा बेत नसल्याचा खुलासा करावा लागला. ६ मे २०१३ च्या निकालात न्यायालयाने असे निक्षेपस्थान लवकरात लवकर उभारावे असे म्हटले. त्यानंतर जागा निश्चित झालेली नाही. विभागाची भूमिका अशी की कचऱ्याचे आकारमान लहान असल्याने निकड नाही.

स्वीडनमध्ये फोर्समार्क येथील निक्षेपस्थानास सरकारने जानेवारी २०२२ मध्ये मान्यता दिली. त्यापूर्वी, ऑक्टोबर २०२० मध्ये, तेथील ओस्टहामर नगरपालिकेने मतदान करून संमती दिली होती. ती नाकारण्याचा अधिकार तिला होता. फिनलंडच्या ओन्कालो येथे चारशे मीटरहून अधिक खोल बोगद्यांत २०२४ मध्ये चाचणी सुरू झाली. या देशांत पुनर्प्रक्रिया नाही, म्हणून त्यांची तुलना नको असे म्हटले जाते. खडकाबाबत आणि इंधनाबाबत ते मान्य करता येईल. संमती मिळवण्याच्या रीतीबाबत मान्य करता येत नाही. कोलारला जे घडले त्यात भूगर्भशास्त्राची चूक कोठेच नव्हती. ज्यांच्या पायाखालची जमीन होती त्यांना न्यायालयातील कागदातून बातमी कळली.

‘निकड नाही’ हे उत्तरही आता जुने झाले आहे. २०२५ मध्ये देशाची अणुवीजक्षमता सुमारे ८.८ गिगावॅट होती. त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात २०४७ पर्यंत १०० गिगावॅटचे लक्ष्य जाहीर झाले. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने १९६२ च्या अणुऊर्जा कायद्याची जागा घेणारा नवा कायदा संमत केला. त्याने वीजनिर्मिती खासगी कंपन्यांना खुली केली. पुनर्प्रक्रिया व उच्च पातळीचा कचरा मात्र केंद्र सरकारकडेच ठेवला. वीज विकणारा एक आणि कचरा राखणारा दुसरा असेल, तर राखणीची रक्कम किती, कोणत्या दराने आणि कोणाच्या हाती, हे प्रश्न निर्माण होतात. आजवर भट्ट्या मोडीत काढण्याच्या निधीसाठी वीजदरातून युनिटमागे २ पैसे घेतले जात. कचऱ्याच्या अंतिम निक्षेपासाठी असा हिशेब वर उल्लेखिलेल्या धाटणीच्या लेखनात मांडलेला आढळत नाही. उषवदाताच्या लेखात तो आहे.

आपल्या प्रयोगशाळांतील काम

आता महाविद्यालयांकडे. नाशिक जिल्हा झिओलाइटांसाठी जगभर प्रसिद्ध आहे. दख्खनच्या लाव्हाथरांतील पोकळ्यांत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट यांचे देखणे स्फटिक सापडतात आणि सिन्नरच्या ‘गारगोटी’ संग्रहालयात ते पाहता येतात. झिओलाइटांच्या जाळीदार रचनेत सीझियम अडकते, म्हणून ब्रिटनमध्ये सेलाफील्ड येथे आणि २०११ नंतर फुकुशिमा येथे त्यांचा वापर झाला. साहजिकच रसायनशास्त्राच्या पदव्युत्तर प्रकल्पांना हा विषय आकर्षक वाटतो. साहित्य स्वस्त, उपकरणे साधी, निष्कर्ष निश्चित.

अशा प्रकल्पांचा साचा परिचयाचा आहे. साधे, किरणोत्सारी नसलेले सीझियम क्लोराइड ऊर्ध्वपातित पाण्यात विरघळवायचे, त्यात झिओलाइटची पूड हलवायची, किती टक्के शोषले गेले ते मोजायचे, लँगम्यूर आणि फ्रॉइंडलिख यांची समीकरणे बसवायची आणि शेवटी लिहायचे की हे द्रव्य अणुकचऱ्याच्या प्रक्रियेस उपयुक्त ठरू शकेल. साधे सीझियम वापरण्यात दोष नाही; रासायनिक वर्तन तेच असते आणि महाविद्यालयात दुसरे काही वापरूही नये. दोष पाण्यात आहे. उच्च पातळीचा कचरा नायट्रिक आम्लात असतो. त्या आम्लात ह्यूलँडाइटसारख्या झिओलाइटाची रचनाच ढासळू लागते. मध्यम पातळीच्या कचऱ्यात सीझियमच्या तुलनेत सोडियम प्रचंड असते. ऊर्ध्वपातित पाण्यातील नव्वद टक्क्यांचा आकडा तेथे किती उरेल, हे त्या प्रयोगातून मुळीच कळत नाही. वर तुर्भ्याच्या संशोधनाचा जो गुण सांगितला तो नेमका येथे अनुपस्थित असतो. प्रयोगाच्या द्रावणात सोडियम नायट्रेट घालणे, सामू बदलणे, निफाड किंवा सिन्नरच्या विहिरीचे कॅल्शियमयुक्त पाणी घेणे यांस जादा खर्च येत नाही. निष्कर्ष फिके येतील आणि ते छापण्यास संपादकांनी नकार देऊ नये. पीअर-रिव्ह्यूच्या नावाखाली आपण ‘उपयुक्त ठरू शकेल’ या वाक्याला कितीदा विनाप्रश्न जाऊ देतो, हे आपल्याच नियतकालिकांचे जुने अंक चाळले तरी दिसेल.

दुसरा वगळला जाणारा मुद्दा म्हणजे वापरलेल्या झिओलाइटचे पुढे काय. फुकुशिमाच्या पाण्यातून सीझियम झिओलाइटात आले. पाणी स्वच्छ झाले आणि भरलेली शोषण-पात्रे आवारात साठून राहिली. शोषणाने कचरा एका द्रव्यातून दुसऱ्यात जातो. तेव्हा अशा प्रत्येक प्रकल्पात शोषणानंतर तेच झिओलाइट पाण्यात ठेवून किती सीझियम परत सुटते, तापवल्यावर किती सुटते, सिमेंटमध्ये घातल्यावर किती, हे मोजणे प्रयोगाचा उत्तरार्ध मानला पाहिजे. बहुतेक प्रकल्प पूर्वार्धावर थांबतात, आणि मोठ्या संशोधनातील साठवण-विल्हेवाटीची गल्लत येथे चंचुपात्रात पुन्हा घडते.

भूगर्भशास्त्राच्या विभागांना याहून चांगली संधी आहे. लाव्हा वेगाने थिजून तयार झालेली नैसर्गिक काच दख्खनमध्ये काही ठिकाणी आढळते. ती सुमारे साडेसहा कोटी वर्षे भूजलाच्या सान्निध्यात राहिलेली आहे आणि तिच्या पृष्ठभागावर बदलाचा थर तयार झालेला असतो. अणुकचऱ्याची काच लाखो वर्षांत कशी झिजेल याचा अंदाज कोणत्याही प्रयोगशाळेत काही वर्षांच्या चाचणीने येत नाही. अशा काचेवरून तो काही अंशी बांधता येतो. भारतीय संशोधकांनी या दिशेने काम केलेले आहे, पण नमुने थोडे आहेत. काच कोणत्या थरात, तांबड्या बोलच्या वर की खाली, पाण्याच्या कोणत्या वाटेवर सापडली, याची क्षेत्रनोंद स्थानिक विद्यार्थी बाहेरून आलेल्या पथकापेक्षा अधिक बारकाईने करू शकतो. त्यासाठी किरणोत्सारी पदार्थ हाताळावा लागत नाही आणि कोणाची परवानगीही लागत नाही, खाणमालकाची सोडल्यास.